पगाराचा बोजा आणि दुकानाची घरपट्टी
ठाकुर्लीच्या व्यापाऱ्याने महापालिकेचा हिशेब कसा वाचावा?

घरपट्टीचे बिल हातात पडले की ठाकुर्लीच्या बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते : "महापालिकेच्या नोकरांचे पगार वाढले, ते आता आमच्या खिशातून काढताहेत." नव्वद फुटी रस्त्यावरचा फर्निचरवाला असो, स्टेशनजवळचा टेलर असो किंवा कल्याणच्या दूधनाक्यावरचा बेकरीवाला असो, तक्रार एकच. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण तक्रार अर्धवट माहितीवर उभी असली तर तिचा उपयोग होत नाही. साहेब ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुढच्या वर्षी बिल तसेच येते. म्हणून हा बोजा कोठून येतो, कोणाच्या खांद्यावर पडतो आणि आपण त्याविषयी काय करू शकतो, हे आज आम्ही हिशेबाच्या भाषेत मांडत आहोत.

पगार ठरतो कोठे?

कल्याण, डोंबिवली आणि त्यांच्या मधले ठाकुर्ली यांची महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. एवढ्या मोठ्या शहराचा कारभार पाहणारी ही संस्था आपल्या कायम नोकरांचा पगार मात्र स्वतः ठरवत नाही.

पगाराची वाट दिल्लीहून निघते. केंद्र सरकार साधारण दहा वर्षांनी वेतन आयोग नेमते. पाचवा आयोग १ जानेवारी १९९६ पासून, सहावा १ जानेवारी २००६ पासून आणि सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. केंद्राच्या मागोमाग राज्य सरकार आपल्या नोकरांना तो लावते आणि नंतर महापालिकांना परवानगी देते. महाराष्ट्रातील महापालिकांसाठी सातव्या आयोगाचा निर्णय ऑगस्ट २०१९ मध्ये झाला. परवानगी राज्याची, पण पैसा महापालिकेचा. वाढीव पगाराचा भार तिने आपल्या उत्पन्नातून उचलावा, अशी ही व्यवस्था आहे.

आपल्या कारखान्यात चार कारागीर असतील तर त्यांची मजुरी वाढवताना आपण गल्ला पाहतो, हातात कामे किती आहेत ते पाहतो. महापालिकेत दर एका ठिकाणी ठरतो आणि गल्ला दुसऱ्या ठिकाणी असतो. बोजाचे मूळ येथे आहे.

वाढ खरी किती?

सातव्या आयोगाने मूळ पगाराला २.५७ ने गुणले. हे ऐकून "पगार अडीचपट झाले" असा बोभाटा झाला. तो खरा नाही. त्या वेळी जुन्या मूळ पगारावर १२५ टक्के महागाई भत्ता मिळतच होता. म्हणजे १०० रुपये मूळ पगार असलेल्या नोकराच्या हातात २२५ रुपये आधीच पडत होते. त्याचे २५७ झाले. खरी वाढ ३२ रुपयांची, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांची झाली, आणि तीही दहा वर्षांनी.

मग बोजा वाढतो तो कशाने? तो हळूहळू, दर वर्षी वाढतो. राज्याच्या वेतनश्रेणीत सर्वांत खालच्या नोकराचा मूळ पगार जानेवारी २०१६ पासून १५,००० रुपये धरला गेला. दर वर्षी त्यात सुमारे ३ टक्के वेतनवाढ मिळते. नऊ वेतनवाढी मिळाल्यावर, जानेवारी २०२५ पर्यंत तो सुमारे १९,६०० रुपयांवर जातो. त्यावर राज्याने जानेवारी २०२५ पासून दिलेला ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर आणखी सुमारे १०,८०० रुपये होतात. बेरीज ३०,४०० रुपयांच्या आसपास जाते. घरभाडे भत्ता वेगळा.

म्हणजे एकही नवा माणूस न घेता, त्याच झाडूवाल्याचा किंवा शिपायाचा पगार नऊ वर्षांत दुप्पट झाला. यात लबाडी कोणाची नाही. महागाई भत्ता महागाईच्या निर्देशांकावर वर्षातून दोनदा ठरतो. डाळ, तेल आणि घरभाडे आपल्याला महाग झाले तसेच त्यालाही झाले.

यात आणखी एक खर्च लपलेला असतो, तो पेन्शनचा. जुना नोकर निवृत्त झाला की त्याच्या जागी कमी पगाराचा नवा येतो, म्हणून खर्च घटायला हवा, असे वाटते. पण जुन्याची पेन्शन सुरू राहते. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुनी पेन्शन आहे. त्यानंतर लागलेल्यांसाठी पगारातून कपात आणि मालकाचा हिस्सा अशी योजना आली. महापालिकांनीही हीच वाट धरली. त्यामुळे पुढील बरीच वर्षे जुन्यांची पेन्शन आणि नव्यांच्या खात्यातला हिस्सा, असे दोन्ही खर्च एकाच वेळी चालणार आहेत.

पैसा येतो कोठून?

आमच्या जुन्या वाचकांना जकात नाके आठवत असतील. (ही महापालिकेची जकात, आपल्या फर्जाची नव्हे!) ट्रक नाक्यावर थांबायचा, पावती फाटायची आणि रोजचा रोख पैसा महापालिकेत जमा व्हायचा. पुढे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. त्याविरुद्ध २०१३ साली राज्यभर व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना तो माफ झाला आणि १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर तो पूर्ण संपला. नाके गेले. नाक्यावरचा कारकून मात्र महापालिकेतच राहिला, दुसऱ्या खात्यात गेला.

आता राज्य सरकार महापालिकांना या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई देते. २०१७ च्या कायद्याने २०१६-१७ हे पायाचे वर्ष धरले आणि दर वर्षी ८ टक्के चक्रवाढ ठरवली. आता हा हिशेब करून पाहा. ८ टक्के चक्रवाढीने १०० रुपयांचे नऊ वर्षांत २०० होतात. वर आपण पाहिले की खालच्या नोकराचा पगारही नऊ वर्षांत दुप्पट होतो. म्हणजे भरपाईत होणारी वाढ पगारातल्या वाढीची जेमतेम बरोबरी करते. नवा रस्ता, गटार, दवाखाना किंवा बाजारपेठ यांसाठी त्यातून फारसे उरत नाही. त्यासाठी महापालिकेने हात घालायचा तो मालमत्ता करात, पाणीपट्टीत आणि शुल्कांत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचऱ्यासाठी शुल्क घेण्याची मुभा दिली आणि कल्याण-डोंबिवलीत तेही करदात्यावर बसले.

ठाकुर्लीची एक खास अडचण येथे सांगितली पाहिजे. या गावाची ओळखच रेल्वेची : जुने वीजघर, रेल्वेच्या चाळी, रेल्वेची मैदाने. राज्यघटनेच्या २८५ व्या कलमाप्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसवता येत नाही. २००९ साली राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर एक व्यवस्था मान्य झाली. तीनुसार अशा मालमत्तेवर कर नाही, पण सेवाशुल्क द्यायचे; आणि ते सेवांच्या वापरानुसार मालमत्ता कराच्या ७५, ५० किंवा ३३⅓ टक्के असायचे. जेथे अशी जमीन जास्त, तेथे पूर्ण कर भरणारे कमी. म्हणून रेल्वेकडून किती सेवाशुल्क मागितले आणि किती वसूल झाले, हा प्रश्न ठाकुर्लीच्या दुकानदाराचाही आहे.

दुसरी गळती थकबाकीची. समजा दहा दुकानांकडून मिळून १०,००० रुपये हवे आहेत. सर्वांनी भरले तर प्रत्येकी १,००० पडतात. तिघांनी बुडवले तर उरलेल्या सातांवर प्रत्येकी सुमारे १,४३० येतात. बुडवणारा मजेत आणि भरणारा पिळला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यात पुन्हा अभय योजना आली की थकबाकीदाराला व्याजमाफी मिळते, वेळेवर भरणाऱ्याला ती कधीच मिळत नाही.

कंत्राटी कामगार : स्वस्त की महाग?

राज्य सरकारची महापालिकांना अट आहे की आस्थापना खर्च, म्हणजे पगार, भत्ते आणि पेन्शन, उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा. तो वर गेला की नवी पदे आणि पगारवाढीला अडथळे येतात. म्हणून काय होते? कायम माणूस घेण्याऐवजी कंत्राटदार नेमला जातो. त्याचे बिल आस्थापनेत धरले जात नाही, ते देखभाल किंवा सेवा खर्चाच्या सदरात जाते. टक्केवारी कागदावर सुधारते. पण झाडू मारणारा तोच, रस्ता तोच आणि पैसा देणारा करदाताही तोच.

कंत्राट स्वस्त पडते असे म्हणणाऱ्यांनी एक साधा हिशेब करावा. कामगाराला १०० रुपये मजुरी द्यायची असेल तर त्यावर भविष्य निर्वाह निधी व त्याचा प्रशासन खर्च मिळून १३ रुपये, कामगार विम्याचे ३.२५ रुपये आणि किमान बोनस ८.३३ रुपये लागतात. बेरीज १२४.५८ रुपये होते. यात कंत्राटदाराचा नफा, हजेरी ठेवणारा मुकादम, हातमोजे, गणवेश काही नाही. मग एखाद्या कंत्राटदाराने ११० रुपयांत काम करून देतो असे सांगितले तर उरलेले १४ रुपये ५८ पैसे कोण सोसतो? मजूर सोसतो. त्याचा निधी भरला जात नाही किंवा हजेरीपटावर दहा माणसे दाखवून रस्त्यावर सात उभी केली जातात.

धंद्यात आपण हे ओळखतो. बाजारभावापेक्षा फार खाली कोणी माल देऊ लागला तर आपल्याला संशय येतो. मजुराची मजुरी बुडवू नये, ती वेळेवर द्यावी, ही शिकवणही आपल्याला नवी नाही. पण महापालिकेच्या निविदेकडे आपण त्या नजरेने पाहत नाही.

आज वाचवलेला पैसा उद्या दामदुप्पट जातो, याचे उदाहरण शेजारीच आहे. मुंबई महापालिकेच्या कचरा खात्यातील सुमारे २,७०० कंत्राटी कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघामार्फत लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्यावर शिक्कामोर्तब केले. अशा निकालानंतर मागील थकबाकीसह जे द्यावे लागते ते करातूनच जाते. कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर ती मुख्य मालकाने द्यावी, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांतही ही जबाबदारी कायम आहे.

माणसे कमी करणे हा उपाय आहे काय?

"निम्मे नोकर काढून टाका" असे बोलणे सोपे आहे. जुलै २०१५ मध्ये याच ठाकुर्लीत एक इमारत कोसळून नऊ जणांचा जीव गेला. जुन्या इमारतींची पाहणी करणे, धोकादायक इमारतींना नोटीस देणे, रहिवाशांना वेळीच बाहेर काढणे, आग विझवणे, पाण्याची तपासणी करणे ही कामे माणसांनीच करायची असतात. एका ठिकाणी माणसे जास्त आणि दुसऱ्या ठिकाणी अभियंता किंवा नर्स नाही, हा आजार सर्व पालिकांत आढळतो. म्हणून प्रश्न विचारायचा तो असा की, कोणत्या खात्यात किती माणसे मंजूर आहेत, किती भरली आहेत आणि त्यांच्याकडून कोणते काम होते.

पुढचे बिल वाटेत आहे

केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये आठव्या वेतन आयोगाची घोषणा केली. न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला ऑक्टोबर २०२५ मध्ये कार्यकक्षा मिळाली आणि अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली गेली. मागील अनुभव असा की निर्णय उशिरा होतो, पण तारीख मागची धरली जाते. मग दोन-तीन वर्षांचा फरक एकदम द्यावा लागतो. ज्या महापालिकेने त्यासाठी आधी रक्कम बाजूला ठेवली नाही ती घाईने करवाढ करते किंवा ठेकेदारांची बिले अडवते. त्या बिलांत आपल्यापैकी कोणा वेल्डरचे, रंगाऱ्याचे, फॅब्रिकेटरचेही पैसे अडकतात.

दुकानदाराने काय करावे?

पहिली गोष्ट, बिल पूर्ण वाचा. मालमत्ता कराच्या बिलातली सर्व रक्कम महापालिकेची नसते. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर हे राज्य सरकारचे असतात, महापालिका ते फक्त गोळा करून देते. रोजगार हमी कर घरांवर नाही, दुकाने आणि कारखान्यांवर आहे. शिक्षण कराचा दरही गाळ्याला घरापेक्षा जास्त आहे. त्यामुळे "पगारासाठी एवढे घेतले" असे म्हणण्याआधी ही रक्कम वजा करा.

दुसरी, करयोग्य मूल्य तपासा. वर्षाच्या अपेक्षित भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून ते काढतात. गाळ्याचे क्षेत्रफळ चुकले असेल किंवा गोदामाला दुकान म्हटले असेल तर कर वर्षानुवर्षे जास्त जातो. नवी आकारणी किंवा वाढ झाल्यास विशेष नोटीस येते. तिच्यावरील मुदतीत, जी साधारण २१ दिवसांची असते, लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला किंमत नाही.

तिसरी, कर थकवू नका. थकलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. १०,००० रुपये दोन वर्षे थकले तर शास्तीच ४,८०० रुपये होते. वाद असला तरी हरकत नोंदवून कर भरणे शहाणपणाचे. अभय योजनेची वाट पाहणे हा धंदा नव्हे, जुगार आहे.

चौथी, भाड्याच्या किंवा पागडीच्या गाळ्यात असाल तर मालकाने कर भरला की नाही ते पाहा. मालकाने थकवला तर महापालिका गाळ्यात बसलेल्याकडून वसूल करू शकते. असे भरावे लागल्यास ती रक्कम भाड्यातून वळती करून घेण्याचा आपला हक्क आहे. त्यासाठी पावती आपल्या नावाने, नीट जपून ठेवा.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, अर्थसंकल्प मागा. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात अंदाजपत्रकावर प्रश्न विचारायला निवडून आलेला कोणी नव्हता. १५ जानेवारी २०२६ रोजी १२२ जागांसाठी निवडणूक झाली. आता आपल्या प्रभागातही विचारण्यासारखा माणूस आहे. एकट्याने जाऊ नका. बाजारातले दहा-वीस दुकानदार आणि कारागीर मिळून एक अर्ज करा आणि त्यात पाच प्रश्न विचारा :

१) पगार, भत्ते व पेन्शन मिळून उत्पन्नाच्या किती टक्के होतात? त्यात कंत्राटी कामगारांचा खर्च मिळवला तर किती?
२) आमच्या प्रभागात सफाई, पाणी व आरोग्य खात्यांत मंजूर माणसे किती, प्रत्यक्ष किती?
३) कंत्राटदार कामगारांचा भविष्य निर्वाह निधी दरमहा भरतो, याची तपासणी कोण करतो?
४) मालमत्ता कराची मागणी किती, वसुली किती आणि रेल्वेकडून सेवाशुल्क किती आले?
५) आठव्या वेतन आयोगासाठी या वर्षी किती रक्कम राखून ठेवली?

उत्तर मिळाले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या शुल्कात हीच माहिती मागता येते.

व्यापारी बंधूंनो, आपल्या दुकानासमोर पहाटे झाडणाऱ्या माणसाच्या पगारावर राग काढून आपले बिल कमी होणार नाही. त्याला पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे आणि आपल्याला पूर्ण काम मिळाले पाहिजे. गळती या दोहोंच्या मध्ये आहे : न वसूल झालेल्या करात, कागदावरच्या हजेरीत आणि कोणी न वाचलेल्या अंदाजपत्रकात. आपण रोज रात्री गल्ला मोजल्याशिवाय दुकानाचे शटर ओढत नाही. वर्षातून एकदा महापालिकेचा गल्लाही मोजून घ्या, कारण त्यातही आपलाच पैसा आहे.